पहिली ट्रायथलॉन आणि पाण्याचा हिशेब

नमस्कार. मी नेमके कशाचे उत्तर देतो आहे हे स्पष्ट राहावे म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सात आठवड्यांनी तुमची पहिली ट्रायथलॉन आहे, ऑलिंपिक अंतराची, म्हणजे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. तुमचे वजन ७२ किलो आहे. गेल्या आठवड्यात ४० किलोमीटर सायकल चालवून तुम्ही लगेच धावायला सुरुवात केलीत, तेव्हा पहिल्या दोन किलोमीटरमध्येच पोटात पाणी डचमळू लागले, कुशीत कळ आली, मळमळले आणि शेवटी पोटरीत गोळा आला. सायकलवरच्या एक तास पस्तीस मिनिटांत तुम्ही दोन लिटर पाणी प्यायलात, त्यातले जवळजवळ एक लिटर शेवटच्या अर्ध्या तासात, कारण दोन्ही बाटल्या संपवायच्याच असे ठरवले होते. आता एक जण म्हणतो घड्याळ लावून दर पंधरा मिनिटांनी प्या, दुसरा म्हणतो तहान लागेल तेव्हाच प्या, तिसरा मिठाच्या कॅप्सूल घ्यायला सांगतो. तासाला किती पाणी, किती कॅप्सूल, आणि पहिल्या शर्यतीसाठी आणखी काय तयारी करावी, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली चौदा वर्षे नवशिक्या ट्रायथलीटना शिकवतो, त्याआधी काही वर्षे स्वतः शर्यती केल्या, आणि तुमच्यासारखी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी बहुतेकांनी स्वतःचे निदान 'पाणी कमी पडले' असेच केलेले असते. तुमच्या वर्णनावरून मला उलटे दिसते. तुमच्या अंगाला पाणी कमी पडले नव्हते, पोटाला ते झेपण्यापेक्षा जास्त आणि नको त्या वेळी मिळाले. पाणी जठरात शोषले जात नाही, ते पुढे लहान आतड्यात जाऊन शोषले जाते, आणि जठर रिकामे होण्याचा वेग माणसागणिक बदलत असला तरी व्यायाम करताना तासाला एक लिटरच्या आसपास गेले की बहुतेकांची हद्द येते. त्यातच जोर लावून सायकल चालवताना रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळलेले असते, आतड्यांच्या वाट्याला कमी येते. सायकलवर धड स्थिर असल्यामुळे साठलेले पाणी जाणवत नाही. उतरून धावायला लागलात की प्रत्येक पावलाला ते हिंदकळते, आणि मग माणसाला वाटते की बिघाड धावण्यात झाला, प्रत्यक्षात तो सायकलच्या शेवटच्या अर्ध्या तासात झालेला असतो.

तुम्हाला मिळालेले सल्ले एकमेकांविरुद्ध का आहेत, हेही सांगायला हवे, कारण ते देणारे कोणी अडाणी नाहीत, ते फक्त वेगवेगळ्या काळातले नियम सांगत आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९९६ साली दिलेल्या मार्गदर्शनात तासाला ६०० ते १२०० मिलिलिटरपर्यंत पिण्याची शिफारस होती आणि तहान लागण्याची वाट पाहू नका असा एकूण सूर होता. घड्याळ लावून पिणारी पिढी त्या सल्ल्यावर वाढली. पुढे २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या रेषेखाली आढळले. त्यांच्यात ठळकपणे दिसणारी गोष्ट ही होती की शर्यत संपताना त्यांच्यापैकी अनेकांचे वजन सुरुवातीपेक्षा वाढलेले होते. म्हणजे त्यांनी घामापेक्षा जास्त पाणी प्यायले होते. त्याच संस्थेने २००७ साली आपली भूमिका बदलली आणि वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट होऊ देऊ नये, पण वजन वाढेल इतकेही पिऊ नये, असे सांगितले. दक्षिण आफ्रिकेचे क्रीडाविज्ञानाचे अभ्यासक टिम नोक्स यांनी तहान हाच पुरेसा मार्गदर्शक आहे, अशी आणखी पुढची बाजू घेतली. तुमचे दोन सल्लागार या वादाच्या दोन टोकांना उभे आहेत.

रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली जाण्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. दीर्घ व्यायामात शरीर पाणी धरून ठेवणारे संप्रेरक सोडत राहते, त्यामुळे जास्तीचे पाणी लघवीवाटे नेहमीच्या वेगाने बाहेर पडत नाही. ते रक्त पातळ करते, पेशींमध्ये शिरते, आणि मेंदूच्या पेशी फुगल्या की डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपण आणि टोकाला झटके येण्यापर्यंत मजल जाते. हा धोका वेगवान स्पर्धकांपेक्षा नवशिक्यांना जास्त असतो. वेगवान माणसाला घाम खूप येतो आणि प्यायला फुरसत नसते. सावकाश जाणाऱ्याला घाम बेताचा येतो, तो जास्त वेळ मार्गावर असतो आणि पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी थांबतो. ज्यांची अंगकाठी लहान आहे त्यांना तर तेवढेच पाणी प्रमाणाने अधिक होते. म्हणून मी नवशिक्याला 'भरपूर पाणी पी' असे कधीच सांगत नाही.

मग किती, याचे उत्तर तुम्हाला न भेटता देणारा कोणीही अंदाजच देत असतो. हवेचे तापमान, दमटपणा, तुमचा वेग, अंगावरचे कपडे आणि तुमच्या घामग्रंथींचा स्वभाव, एवढ्यांवर ते अवलंबून आहे. एकाच तुकडीत, एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर तासाला अर्धा लिटर घाम गाळणारा आणि दीड लिटर गाळणारा असे दोघेही मी पाहिले आहेत. मूत्रपिंड, हृदय किंवा रक्तदाबाची तक्रार असेल, किंवा लघवी जास्त व्हावी यासाठीचे औषध चालू असेल, तर या उत्तरातील कोणताही आकडा वापरण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

बाकीच्यांसाठी वजनकाटा पुरेसा आहे. सरावाला निघण्यापूर्वी लघवीला जाऊन या, शक्य तितक्या कमी कपड्यांत वजन करा आणि आकडा लिहून ठेवा. बाटलीत मोजून पाणी भरा. शर्यतीच्या वेगाने एक तास सायकल चालवा, शर्यत ज्या वेळेला आहे साधारण त्याच वेळेला. परतल्यावर टॉवेलने अंग नीट पुसा, घामाने भिजलेले कपडे काढा (ओल्या कपड्यांतला घामही वजन देतो, इथे बरेच जण चुकतात) आणि पुन्हा वजन करा. वजनातील घट अधिक प्यायलेले पाणी म्हणजे त्या तासाचा घाम. मध्ये लघवी झाली असेल तर ती वजा करायची. एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लिटर. हेच एकदा तासाभराच्या धावण्यासाठी करा, कारण धावताना वारा कमी लागतो आणि घाम सहसा जास्त येतो. काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा आणि कडक जमिनीवर ठेवलेला हवा. एका मोजणीवर विसंबू नका. तीन मोजण्या वेगवेगळ्या हवेत घेतल्या की तुमची खालची आणि वरची मर्यादा दिसू लागते.

उदाहरण घेऊ. समजा सायकलला निघताना वजन ७२ किलो होते, परतल्यावर ७१.३ भरले आणि मध्ये ३०० मिलिलिटर पाणी पोटात गेले. म्हणजे घाम एक लिटर. धावण्याचा आकडा तासाला १.१ लिटर आला असे धरू. तुमच्या सध्याच्या वेगाने सायकलला एक तास पस्तीस मिनिटे आणि धावायला सुमारे सव्वा तास लागेल. पोहतानाही थोडा घाम येतोच, तो पाव लिटर धरा. एकूण घाम सव्वातीन लिटरच्या आसपास होतो. ७२ किलोचे दोन टक्के म्हणजे जवळजवळ दीड किलो, आणि एवढी घट पहिल्या शर्यतीत खुशाल होऊ द्यावी. त्यातली काही घट पाण्याची तूटही नसते, कारण स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, जळते तेव्हा त्याच्याबरोबर धरलेले पाणीही मोकळे होते. उरले पावणेदोन लिटर. सायकलवर सुमारे १.१ लिटर, धावताना पाण्याच्या टेबलांवर मिळून अर्धा लिटर ते सहाशे मिलिलिटर, एवढे झाले की हिशेब मिटला. सरावात तुम्ही केवळ सायकलवरच दोन लिटर प्यायला होतात, हे या आकड्यांशेजारी ठेवून पाहा.

घड्याळ की तहान, या वादात मी अधेमधे उभा आहे. वजनकाट्याने मिळालेला आकडा मी कमाल मर्यादा मानतो आणि त्या मर्यादेच्या आत तहानेला चालवू देतो. रक्ताची घनता एखाद-दोन टक्के वाढली की तहान जागी होते, आणि तीन-साडेतीन तासांच्या शर्यतीत बहुतेकांच्या बाबतीत ती वेळेवर जागी होते. मात्र पहिल्या शर्यतीत तिची फसगत होऊ शकते. समुद्रात पोहला असाल तर खारे पाणी तोंडात जाऊन घसा कोरडा पडतो, घाबरून तोंडाने श्वास घेतल्यानेही पडतो, आणि कोरडे तोंड म्हणजे तहान असे समजून माणूस बाटली अर्धी करतो. उलट कोणी इतका भारावलेला असतो की चाळीस किलोमीटरमध्ये बाटलीला हातही लावत नाही. म्हणून मी सायकलवर घड्याळाचा उपयोग आठवण म्हणून करायला सांगतो. दर दहा-बारा मिनिटांनी स्वतःला विचारायचे, हवे आहे का, आणि हवे असेल तर दोन-तीन घोट घ्यायचे. नको असेल तर पुढे जायचे.

कुठे प्यायचे हे किती प्यायचे याच्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि या विषयावर मी जरा जास्त बोलतो असे माझे विद्यार्थी म्हणतात. पोहताना पिण्याचा प्रश्न नाही. पाण्याबाहेर आल्यावर लघवीची भावना झाली तर दचकू नका. पाण्याच्या दाबाने हातापायांतले रक्त छातीकडे सरकते, शरीराला द्रव जास्त झाल्याचा भास होतो आणि मूत्रपिंडे कामाला लागतात. सायकलवर चढल्यावर पहिली पाच ते आठ मिनिटे हृदयाचे ठोके चढलेले असतात, तेव्हा घाईने पिऊ नका. तोंड साध्या पाण्याने ओले करा, एखादा घोट घ्या, श्वास बसू द्या. खरे पिणे त्यानंतर, आणि तुमच्या एकूण पाण्याचा मोठा वाटा सायकलच्या पहिल्या दोन तृतीयांश भागात संपला पाहिजे. शेवटची दहा मिनिटे बाटलीला हात नाही. बाटलीत पाणी उरले तर उरू द्या, ते संपवणे ही तुमच्यावरची जबाबदारी नाही. तुमच्या सरावातील एवढी एक गोष्ट बदलली तरी डचमळणे बहुधा थांबेल.

धावताना कप हातात घेतला की त्याची कड दोन बोटांनी चिमटीत दाबा, म्हणजे त्याला चोच येते आणि पाणी नाकात जाण्याऐवजी तोंडात जाते. मी नवशिक्यांना टेबलापाशी दहा-पंधरा पावले चालायला सांगतो. यात जास्तीत जास्त काही सेकंद जातात, पण पाणी घशाखाली उतरते आणि श्वास मोडत नाही. एका वेळी शंभर मिलिलिटर पुरे, म्हणजे कपाचा अर्धा-पाऊण भाग. उरलेले मानेवर किंवा डोक्यावर ओता. त्याने शरीरातील पाण्याची तूट भरून निघत नाही, पण उन्हात बरे वाटते आणि पावले हलकी पडतात.

माझ्या पहिल्या शर्यतीत मी यातले सगळे चुकीचे केले. आदल्या दिवशी हौसेने घेतलेली नवी बाटली जुन्या, सैल झालेल्या केजमध्ये, म्हणजे सायकलवरच्या बाटली ठेवायच्या खोबणीत, अडकवली आणि सायकल सुरू होऊन एक किलोमीटरही झाला नव्हता तोच रस्त्यावरच्या सांध्यावर सायकल उडाली व बाटली मागे घरंगळत गेली. वळून घ्यायला मागून येणाऱ्यांची भीती वाटली. उरलेला सायकलचा टप्पा कोरडा काढला, धावण्याच्या पहिल्या टेबलावर हावऱ्यासारखे चार कप रिचवले, आणि पुढचा एक किलोमीटर कुशीत हात दाबून चालत गेलो. तहानेपेक्षा त्या चार कपांनी मला जास्त छळले. तेव्हापासून माझा नियम असा की शर्यतीतली बाटली आणि केज किमान पाच खडबडीत सरावांतून गेलेली असावी. केज सैल असेल तर हाताने थोडा आत दाबून पाहा किंवा बाटलीला रबराचा पट्टा गुंडाळा.

बाटली काढणे आणि परत ठेवणे हेही शिकावे लागते. मोकळ्या, सपाट रस्त्यावर एक हात हँडलच्या मधल्या भागाजवळ आणा, त्यामुळे सायकल कमी डगमगते; नजर समोर ठेवा आणि दुसऱ्या हाताने न बघता केज चाचपा. प्रथम फक्त बाटलीला स्पर्श करून हात परत आणा, मग थोडी उचला, मग पूर्ण काढा. तीन-चार वेळा रस्त्यावर गेलात की हे अंगवळणी पडते. ज्यांना हे जमत नाही ते वळणावर वा उतारावर पिण्याचा प्रयत्न करतात आणि पडतात, किंवा पितच नाहीत.

आता बाटलीत काय असावे. एक तास-सव्वा तासात संपणाऱ्या लहान शर्यतीला साधे पाणी चालते. तुमच्या अंतराला साखर आणि मीठ दोन्ही उपयोगी आहेत, कारण लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. साधारण सहा टक्क्यांचे मिश्रण, म्हणजे एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर आणि पाव छोटा चमचा मीठ, बहुतेकांना सोसते. एक ग्रॅम मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असते, त्यामुळे त्या पाव चमच्यातून लिटरमागे पाचशे-सहाशे मिलिग्रॅम मिळते. तयार पावडर घेत असाल तर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा. 'जास्त ताकद' म्हणून दुप्पट घातलेली पावडर पाण्याला आतड्यात उलट ओढून घेते आणि त्यातून पोट बिघडते. जेल (पाकिटात मिळणारा साखरेचा घट्ट पाक) घेणार असाल तर ते साध्या पाण्याबरोबर घ्या, गोड पेयाबरोबर नको, त्याच कारणासाठी. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके एवढे लक्ष्य ठेवा आणि पहिल्या शर्यतीत खालच्या टोकाजवळ राहा.

मिठाच्या कॅप्सूलबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या अंतराला तुम्हाला त्यांची गरज दिसत नाही. घामातील मिठाचे प्रमाण माणसागणिक फार बदलते. टोपीवर आणि कपड्यांवर पांढरे ओघळ वाळत असतील तर तुमचा घाम खारट आहे असे समजून पेयात मीठ थोडे वाढवा, आदल्या दिवसाच्या जेवणातही वाढवा, पण जास्त प्यायलेल्या पाण्यावर उतारा म्हणून कॅप्सूल चालत नाही. सोडियम घसरते ते प्रामुख्याने पाणी जास्त झाल्याने. पोटरीतला गोळा तर बहुधा मिठाचा नव्हताच. लांब अंतराच्या ट्रायथलीटवर झालेल्या अभ्यासांत गोळे येणाऱ्यांच्या आणि न येणाऱ्यांच्या रक्तातील क्षारांत किंवा पाण्याच्या तुटीत लक्षणीय फरक आढळला नाही, गोळे येणारे मात्र स्वतःच्या कुवतीपेक्षा जोरात गेलेले होते. तुम्ही लिहिले आहे की सायकलवरून उतरून थेट धावण्याचा तो तुमचा पहिलाच सराव होता. मला कारण तिथे दिसते.

म्हणूनच पाण्याचा प्रश्न शेवटी वेगापाशी येतो. सायकलवर दम लागून दोन वाक्ये बोलता येत नसतील तर त्या वेगाला तुमचे पोट काहीही स्वीकारणार नाही, मग पेय कितीही शास्त्रशुद्ध असो. आठवड्यातून एकदा ब्रिक सराव करा: सुरुवातीला तासभर सायकल आणि लगेच दहा मिनिटे धावणे, पुढे धावणे वाढवत तीस-चाळीस मिनिटांपर्यंत न्या. पहिली काही मिनिटे पाय लाकडाचे वाटतील. सायकलचे शेवटचे दोन किलोमीटर हलक्या गिअरवर, पायडल भराभर फिरवत काढले तर ते लवकर मोकळे होतात. प्रत्येक ब्रिकमध्ये शर्यतीतलेच पेय, त्याच बाटलीतून, त्याच वेळी घ्या. पोटालाही सराव लागतो, आणि काही आठवड्यांत ते चालू व्यायामात जास्त द्रव मुकाट स्वीकारू लागते.

शर्यतीच्या ठिकाणी तुमच्या सरावापेक्षा जास्त ऊन असणार असेल तर शेवटच्या दिवसांत उकाड्याची सवय करा. शरीर जुळवून घ्यायला दहा ते चौदा दिवस लागतात. रक्तातील द्रवाचे प्रमाण पहिल्या काही दिवसांतच वाढते, घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी असते. याचा अर्थ असा की थंडीत मोजलेला घामाचा आकडा आता जुना झाला, म्हणून वजनकाटा पुन्हा काढा. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता टपकतो, आणि टपकलेला घाम अंग थंड करत नाही. अशा दिवशी वेग कमी करण्याला पाणी हा पर्याय होऊ शकत नाही.

बाकीच्या तयारीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तुमचा मुख्य प्रश्न तो नाही. खुल्या पाण्यात शर्यतीपूर्वी किमान चार-पाच वेळा, सोबत कोणी असतानाच, पोहा. जलतरण तलावाच्या तळाची रेघ तिथे नसते, त्यामुळे दर आठ-दहा हातांनंतर डोळे वर काढून खुणेचा फुगा बघण्याची सवय लागते. सुरुवातीला घोळक्याच्या कडेला किंवा मागे उभे राहा. श्वास अडकला तर उताणे व्हा, वीस श्वास मोजा, मग पुढे जा. ट्रायथलॉनमधील मृत्यू प्रामुख्याने पोहण्याच्या टप्प्यातच होतात, त्यामुळे छातीत दुखणे, चक्कर किंवा धडधड असे काही पूर्वी झाले असेल तर नोंदणीनंतर आणि शर्यतीआधी तपासणी करून घ्या. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना सामान बदलण्याच्या जागेत, हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम घरी दारातच दहा वेळा घोटून घ्या. आणि पाण्याशी थेट संबंध असलेला नियम असा की बाहेरच्या माणसाकडून, मग ते घरचे का असेनात, मार्गावर बाटली घेणे ही बाहेरची मदत ठरते आणि तुम्हाला दंड होऊ शकतो. फेकायची बाटली वा पाकीटही नेमून दिलेल्या जागीच टाकायचे असते. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन ही लांब अंतराची ट्रायथलॉन झाली तेव्हा प्रत्येकाबरोबर स्वतःची मदतनीस मंडळी होती, आणि आघाडीवर असलेल्या जॉन डनबर यांच्या मंडळींकडचे पाणी संपल्यावर त्यांनी त्याला बिअर दिली असे सांगतात. तो दुसरा आला. आज तुमच्या हातात आयोजकांची टेबले आणि तुमच्या दोन बाटल्या एवढेच असते, म्हणून टेबले कोणत्या किलोमीटरवर आहेत आणि तिथे कोणते पेय असेल हे आधी विचारून ठेवा, आणि तेच पेय सरावात एकदा पिऊन बघा.

शेवटचे दोन दिवस लिटर मोजत पाणी पिऊ नका. जेवणाबरोबर आणि तहानेनुसार प्या, लघवी फिकट पिवळी असेल तर पुरे झाले; ती पाण्यासारखी पांढरी होत असेल तर तुम्ही नुसते मीठ धुऊन टाकत आहात. शर्यतीच्या सकाळी तीन-चार तास आधी वजनाच्या किलोमागे पाच ते सात मिलिलिटर, म्हणजे तुमच्यासाठी ३५० ते ५०० मिलिलिटर, सवयीच्या नाश्त्याबरोबर घ्या. त्यानंतर थांबा, म्हणजे जास्तीचे बाहेर पडायला वेळ मिळेल. पाण्यात उतरण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी हवे तर दीडशे मिलिलिटर. रोज सकाळी चहा-कॉफी घेत असाल तर घ्या. सवयीच्या माणसाला त्याने फरक पडत नाही. रात्री झोप नीट लागणार नाही, ती कोणालाच लागत नाही.

शर्यत संपल्यावर वेदनाशामक गोळी लगेच घेऊ नका, आणि शर्यतीआधी किंवा मध्ये तर नकोच. आयबुप्रोफेनसारखी औषधे थकलेल्या, पाण्याची तूट असलेल्या शरीरात मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि सोडियम घसरण्याचा धोका वाढवतात. थोडे बसा, खारट काहीतरी खा, तहानेनुसार घोट-घोट प्या आणि घरी गेल्यावर वजन करा. तो आकडा तुमच्या पुढच्या शर्यतीचा पहिला आकडा आहे. मात्र डोके वाढत्या वेगाने दुखू लागले, उलट्या थांबेनात, अंगठी बोटात रुतू लागली किंवा सोबतच्यांना तुमचे बोलणे विसंगत वाटू लागले, तर आणखी पाणी पिऊ नका, वैद्यकीय पथकाकडे जा आणि इतर काही सांगण्याआधी तुम्ही आज एकूण किती प्यायलात ते त्यांना सांगा, कारण पाण्याची तूट आणि पाण्याचा अतिरेक बाहेरून पुष्कळदा सारखेच दिसतात आणि त्यांचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट आहेत.